सातासमुद्रापलीकडचं घर

२०२४-२५ या वर्षात भारतातून ४,५१५ मुलं कायदेशीर मार्गानं दत्तक गेली. त्यातली ४,१५५ देशातल्याच घरांत गेली आणि उरलेली परदेशात. परदेशी जाणाऱ्यांचा आकडा छोटा वाटतो, पण ही मुलं कोण असतात ते पाहायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांना निरोगी तान्हं बाळ हवं असतं. त्यामुळे परदेशी पालकांकडे मुख्यतः मोठी झालेली मुलं, एकमेकांपासून तोडता न येणारी भावंडं आणि ज्यांच्या तब्येतीला विशेष उपचार लागतात अशी मुलं जातात. पुण्या-नागपूरच्या एखाद्या संस्थेतून इटली, स्पेन किंवा अमेरिकेला निघालेलं सहा वर्षांचं मूल कोऱ्या पाटीचं नसतं. त्याला बोलता येतं, आवडीनिवडी असतात. रात्री ज्यांच्या कुशीत झोप लागते अशा मावशी असतात, जेवताना शेजारी बसणारा मित्र असतो. विमानात बसल्यावर यातलं काहीच सोबत येत नाही.

अशा मुलाला नव्या घरात रुळायला मदत कशी करायची, हा प्रश्न जग गेली सत्तर वर्षं हाताळतं आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या हॅरी आणि बर्था होल्ट या दांपत्यानं कोरियन युद्धात अनाथ झालेली आठ मुलं दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकी संसदेला खास कायदा करावा लागला. पुढे दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुलं परदेशी गेली. त्या काळातला सल्ला सोपा होता : भरपूर प्रेम द्या, मागचं काही काढू नका, मूल आपोआप तुमचं होईल. त्यातली अनेक मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि तो सल्ला कुठे तोकडा पडला ते स्वतः सांगताहेत. त्यांचं बोलणं आणि या काळात झालेलं संशोधन शेजारी ठेवून पाहिलं की मला एक गोष्ट ठळक दिसते. मूल कधी बदलेल याची वाट पाहणाऱ्या घरात ते उशिरा सावरतं. ज्या घरातली मोठी माणसं आपल्या सवयी, आपली घाई आणि आपल्या अपेक्षा आधी बदलतात, तिथं ते लवकर सावरतं.

पूर्वायुष्याचा मुलावर किती परिणाम होतो, याचा सगळ्यात मोठा पुरावा रुमानियातून आला. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू यानं १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली, घरोघरी न पोसवणारी मुलं जन्मली आणि सरकारी अनाथालयं भरत गेली. डिसेंबर १९८९ मध्ये त्याची सत्ता कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुलं या अनाथालयांत होती. पाळण्यात पडून राहिलेली, कुणी न उचललेली, न बोललेली मुलं. त्यातली अनेक पाश्चात्त्य देशांतल्या कुटुंबांनी नेली. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये आलेल्या अशा १६५ मुलांचा लहानपणापासून प्रौढपणापर्यंत माग ठेवला. सहा महिन्यांच्या आत तिथून बाहेर पडलेली मुलं जवळजवळ इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ काढलेल्यांपैकी अनेकांत पुढेही चंचलपणा, एकाग्रतेच्या अडचणी, अनोळखी माणसांशी अतिसलगी अशी लक्षणं टिकली. तरीही अशा मुलांपैकी साधारण पाचवा हिस्सा कुठलीही मोठी अडचण न येता मोठा झाला. खुद्द बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं. दोन वर्षांचं होण्याआधी कुटुंबात गेलेल्या मुलांना माणसांशी घट्ट नातं जोडणं अधिक जमलं.

हे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. महाराष्ट्रातल्या चांगल्या शिशुगृहांत मावशी असतात, अंगाई असते, वाढदिवस असतात. पण परदेशातल्या पालकांना यातून दोन गोष्टी कळायला हव्यात. मुलाच्या वागण्यातल्या काही अडचणी त्याच्या पूर्वायुष्यातून येतात. त्यात मुलाचा दोष नसतो आणि आई-वडिलांचा कमीपणाही नसतो. दुसरं म्हणजे कुटुंब हाच मोठा उपचार आहे. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या फेमी युफर आणि मारिनस फान आयझेंडॉर्न यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून दाखवलं की दत्तक गेल्यावर मुलं उंची, वजन, बुद्धी या सगळ्यांत मोठी झेप घेतात. मानसोपचारासाठी ती इतर मुलांपेक्षा जास्त वेळा पाठवली जातात हे खरं, पण बहुसंख्य मुलं नीट वाढतात. स्वीडनमधल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात परदेशातून दत्तक आलेल्यांत आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा तीन-चार पट आढळलं, आणि त्याच अभ्यासात बहुतेक जण सुखरूप असल्याचंही दिसलं. ही दोन्ही सत्यं पालकांना मूल घरी येण्याआधी सांगितली पाहिजेत.

आता पहिल्या काही महिन्यांविषयी. या विषयातला खरा तपशील तिथं आहे, आणि पालकांची तयारी सर्वांत कमी पडते तीही तिथंच.

पालकांनी महिनोन् महिने खपून मुलासाठी वेगळी खोली सजवलेली असते. मूल आजवर वीस-पंचवीस मुलांसोबत एका दालनात झोपलेलं असतं. दिवा मालवून दार लोटलं की त्याला त्या खोलीत भीतीशिवाय दुसरं काही दिसत नाही. म्हणून पहिले काही महिने मुलाची गादी आई-वडिलांच्याच खोलीत, हात लांबवला की लागेल अशी घालावी. पाश्चात्त्य पालकांना हे लाड वाटतात. आपल्याकडे तर ही रोजचीच रीत आहे. संस्थेतून आलेली गोधडी किंवा फ्रॉक कितीही मळका असला तरी लगेच धुऊ नये. त्या कपड्याला मुलाच्या ओळखीचा वास असतो आणि सगळ्या नव्या घरात ओळखीचं तेवढंच असतं.

खाण्याचंही तसंच. उशीखाली पोळीचा तुकडा, खिशात बिस्किटं, कपाटात सुकलेलं केळं सापडलं तर त्याला चोरी म्हणू नये. पुढचं जेवण मिळेलच अशी खात्री ज्याला कधी नव्हती, तो साठवणारच. अनुभवी पालक मुलाच्या हाताला येईल अशा जागी फळं आणि सुका खाऊ ठेवतात, तो साठा संपला की पुन्हा भरतात आणि त्याबद्दल काही बोलत नाहीत. काही महिन्यांनी साठवणं बहुधा थांबतं. ताटात रोज वरण-भात हवा असेल तर वरण-भातच द्यावा. नव्या चवींची ओळख हळूहळू होईल, त्यासाठी अख्खं आयुष्य पडलं आहे.

मूल आलं की नातेवाईक, शेजारी, चर्चमधले लोक भेटवस्तू घेऊन येतात. तज्ज्ञ आता सांगतात, निदान पहिले काही महिने घर शांत ठेवा. मुलाला भरवणं, न्हाऊ घालणं, उचलून घेणं, लागलं तर फुंकर घालणं हे फक्त आई-वडिलांनी करावं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. संस्थेत मुलाला सांभाळणारे हात पाळीप्रमाणे बदलत असतात. आपली गरज भागवणारं माणूस एकच असतं, ते रोज परत येतं, हे त्यानं अनुभवलेलंच नसतं. कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारं, अनोळखी पाहुण्याचा हात धरून निघणारं मूल सगळ्यांना गोड वाटतं. प्रत्यक्षात आई-बाबा आणि इतर माणसं यांतला फरक त्याला अजून उमगलेला नाही, हे त्याचं लक्षण असतं. पाहुण्यांनी अशा वेळी हसून मुलाला आईकडे परत वळवायचं. आजी-आजोबांना हे कठीण जातं, त्यांच्याशी आधी बोलून घ्यायला हवं.

शिस्तीबाबत पाश्चात्त्य घरांत रूढ असलेली एक पद्धत इथं उलटते. चुकलं की मुलाला खोलीत एकटं बसवायचं, ही ती पद्धत. ज्या मुलाला एकदा सोडून दिलं गेलं आहे, त्याला एकटं बसवणं म्हणजे ‘पुन्हा पाठवणार’ असा निरोप. त्याऐवजी त्याला जवळ बसवावं, राग निवेपर्यंत सोबत राहावं आणि मग काय चुकलं ते थोडक्यात सांगावं. कधी आठ वर्षांचं मूल बाळासारखं बाटलीनं दूध मागतं, कडेवर घ्या म्हणतं. द्यावं, घ्यावं. जे वय त्याला मिळालं नाही ते काही आठवडे उसनं मागून घेतं आहे, एवढंच.

बऱ्याच घरांत पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चालतं. मूल आज्ञाधारक असतं, हसतं, जेवतं. मग अचानक रडणं, चावणं, वस्तू फेकणं सुरू होतं आणि पालक हादरतात. पाहुण्यासारखं वागणारं मूल जेव्हा मनातलं बाहेर काढू लागतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याला ही जागा थोडीफार सुरक्षित वाटू लागलेली असते. हे आधी ठाऊक असलेले पालक तग धरतात. ज्यांना कुणी सांगितलेलं नसतं, ते खचतात. दत्तक आईलाही नैराश्य येतं, बाळंतिणीला येतं तसंच. पण तिला कुणी विचारत नाही, कारण तिनं ‘हौसेनं आणलेलं’ असतं. २०१० साली एका अमेरिकी घरानं सात वर्षांच्या रशियन मुलाला चिठ्ठी देऊन एकट्याला मॉस्कोच्या विमानात बसवून परत पाठवलं. २०१३ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं शोधून काढलं की अमेरिकेतले काही पालक परदेशातून आणलेली, आता नकोशी झालेली मुलं इंटरनेटवर ओळख झालेल्या परक्यांच्या हवाली करत होते. या क्रौर्याला क्षमा नाही. पण त्याआधी कित्येक महिने त्या घरांना मदत मागायला जागा नव्हती, हेही त्यातूनच दिसतं.

मदतीच्या नावाखाली अपायही झाला आहे. मुलाला बळजबरीनं आवळून धरायचं, त्याचा प्रतिकार मोडायचा म्हणजे नातं जुळतं, असा दावा करणारे उपचार अमेरिकेत फोफावले होते. बालअत्याचारांवर काम करणाऱ्या तिथल्या व्यावसायिकांच्या संघटनेनं २००६ साली त्यांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. ज्यांना अभ्यासाचा आधार आहे ते उपाय सौम्य आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी डोझियर यांच्या कार्यक्रमात प्रशिक्षित व्यक्ती दहा वेळा घरी येते आणि आई-वडील मुलाशी खेळत असतानाच, घडत्या क्षणी त्यांना दाखवून देते : आता त्यानं तुमच्याकडे पाहिलं, आता तुम्ही थांबलात, हे छान झालं. त्यात मुलाला काहीच शिकवलं जात नाही. शिकतात ती मोठी माणसं.

शरीराकडेही पहिल्या काही आठवड्यांतच लक्ष द्यावं लागतं. पोटातले जंत, रक्तक्षय, सुप्त क्षयरोग, कावीळ ब, दात, डोळे, कान यांची तपासणी आणि लसींची पडताळणी करून घ्यावी. मिनेसोटा विद्यापीठात १९८६ साली यासाठीच खास दवाखाना सुरू करणारे डॉ. डेना जॉन्सन यांचं निरीक्षण प्रसिद्ध आहे : अनाथालयातल्या दर तीन महिन्यांमागे मुलाची साधारण एका महिन्याची उंची वाढायची राहते. घरी आल्यावर ती झपाट्यानं भरून निघते, पण या झेपेची किंमतही असू शकते. भारतातून स्वीडनला गेलेल्या मुलींच्या अभ्यासात, १९९१ साली, पाळी येण्याचं मध्यवर्ती वय ११.६ वर्षं आढळलं. स्वीडिश मुलींपेक्षा आणि भारतातल्या मुलींपेक्षाही लवकर. काहींना तर खूपच आधी. सापडलेल्या मुलांची जन्मतारीख अनेकदा अंदाजानं लिहिलेली असते, त्यामुळे वयाचा घोळ वेगळाच. नऊ वर्षांच्या मुलीच्या शरीरात बदल दिसू लागले तर पालकांनी आणि डॉक्टरांनी तयार असावं, आणि त्या मुलीलाही आधीच सगळं समजावलेलं असावं.

भाषेचा विषय मला यातला सर्वांत हृद्य वाटतो. चीनमधून अमेरिकेत आलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा हार्वर्डमध्ये अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की ती इंग्रजी तान्ह्या बाळाच्याच क्रमानं शिकतात, आधी नामं, मग क्रियापदं, फक्त वेग कितीतरी जास्त. त्याच वेळी जुनी भाषा पुसत जाते. फ्रान्समध्ये २००३ साली, तीन ते आठ या वयात कोरियातून आलेल्या प्रौढांच्या मेंदूच्या चित्रणात कोरियन ऐकल्यावर वेगळी हालचाल दिसलीच नाही. पण मग २०१४ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं की चीनमधून बाळपणी आलेल्या, आता फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींचा मेंदू चिनी सुरांना अजूनही चिनी भाषकांसारखाच प्रतिसाद देतो. २०१७ मध्ये नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तकांनी कोरियन ध्वनी इतरांपेक्षा लवकर आत्मसात केले. शब्द गेले, तरी खाली काहीतरी उरलेलं असतं.

पालकांसाठी धोक्याचा काळ मधला असतो. मोठ्या मुलाची मराठी काही महिन्यांत विरू लागते आणि नवी भाषा अजून मनातलं सांगण्याइतकी आलेली नसते. या काळात मूल रागावतं, कारण दुःख सांगायला त्याच्याकडे कुठलीच भाषा नसते. म्हणून पालकांनी निघण्याआधी पन्नास-साठ मराठी शब्द तोंडपाठ करावेत : भूक, दुखतंय, शू, भीती वाटते, झोप, मी इथंच आहे. गावात मराठी कुटुंब असेल तर ओळख ठेवावी. खेळताना फाडफाड बोलणारं मूल वर्गात मागे पडलं तर आळशी समजू नये. अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच-सात वर्षं लागतात. शाळेविषयी एवढंच की थोडं उशिरा घालावं, हवं तर एक इयत्ता खाली. शिक्षकांना आधी सांगून ठेवावं, म्हणजे ‘आपला वंशवृक्ष काढा’ असा गृहपाठ आला की मुलाची पंचाईत होणार नाही.

परदेशस्थ भारतीयांना दत्तकासाठी आता देशातल्या पालकांच्या बरोबरीचा क्रम मिळतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरी आलेल्या मुलाला भाषा, आमटी, गणपती सगळं मिळतं, ही मोठी जमेची बाजू. धोका असा की बाहेरून सगळं सारखं दिसल्यामुळे त्यानं काय गमावलं याकडे दुर्लक्ष होतं. मावशी त्यानंही गमावलेल्या असतात. आपल्या समाजात दत्तकपण लपवण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि लपवलेली गोष्ट मुलाला बहुधा एखाद्या लग्नात कुणा तिऱ्हाइताकडून कळते.

गोऱ्या घरात वाढणाऱ्या सावळ्या मुलापुढे वेगळाच प्रश्न असतो. अमेरिकेत २००९ साली कोरियन दत्तकांना विचारलं गेलं, तेव्हा ७८ टक्के जणांनी सांगितलं की लहानपणी ते स्वतःला गोरे समजत किंवा गोरे व्हावंसं त्यांना वाटे. त्यांचे आई-वडील प्रेमळ होते, त्यांना संस्कृती-शिबिरांनाही नेत. पण वर्षातून एकदा केलेला नाच आणि समोसे पुरत नाहीत. मुलाच्या रोजच्या आयुष्यात त्याच्यासारखी दिसणारी माणसं हवीत : डॉक्टर, शिक्षक, शेजारी, मित्र. त्यासाठी घर बदलून दुसऱ्या वस्तीत जाणारे पालक मी आदर्श मानते.

खांडव्याहून हरवून कोलकात्याला पोहोचलेला आणि १९८७ साली टास्मानियात दत्तक गेलेला सरू ब्रायर्ली हिंदी पार विसरला होता. पण त्याच्या दत्तक आईनं त्याच्या खोलीत भारताचा नकाशा लावला होता, आणि तो तुटक्या इंग्रजीत गावाबद्दल जे जे सांगे ते वहीत टिपून ठेवलं होतं. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी त्यानं उपग्रहाच्या छायाचित्रांतून आपलं स्टेशन शोधलं. मुलाच्या भूतकाळाला घरात जागा दिली तर ते घरापासून दूर जाईल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. सरूच्या बाबतीत उलट झालं. जन्मदाती सापडल्यावरही तो टास्मानियातल्या आई-वडिलांचाच राहिला.

भूतकाळाला जागा द्यायची तर तो खरा असायला हवा. इथं या व्यवस्थेनं मुलांचा मोठा अपराध केला आहे. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं मार्च २०२५ मध्ये मान्य केलं की परदेशी दत्तकात मुलांच्या कागदपत्रांत फेरफार झाले, आई-वडील असलेल्यांना अनाथ दाखवलं गेलं, आणि सरकार याला जबाबदार होतं. नेदरलँड्सनं २०२१ साली परदेशी दत्तक थांबवलं होतं. चीननं २०२४ मध्ये, नातेवाईकांचे अपवाद सोडता, परदेशी दत्तक बंद केलं. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पुण्यातल्या एका संस्थेच्या व्यवहारांची सीबीआय चौकशी झाली. कागदावरची ढिलाई पुढे किती भोवते, याचं उदाहरण मुंबईचंच आहे. लहानपणी अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीच्या नागरिकत्वाचं काम कुणी पूर्णच केलं नाही. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणाऱ्या २००० सालच्या कायद्यानं, तो अमलात आला तेव्हा अठरा पूर्ण केलेल्यांना वगळलं. २००८ साली तिला नवरा-मुलं मागे ठेवून मुंबईत परत पाठवण्यात आलं.

भारतातली चौकट तशी विचारपूर्वक बांधलेली आहे. वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, आलं आणि २००३ मध्ये आपण आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार मान्य केला. २०२२ च्या नियमांनुसार मूल गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल येतो. म्हणजे दोन वर्षांत सहा अहवाल. माझ्या मते हा काळ अपुरा आहे. सहाव्या वर्षी गेलेलं मूल अहवाल संपतात तेव्हा आठ वर्षांचं असतं. ‘मला का दिलं?’ हा प्रश्न त्याला बाराव्या-चौदाव्या वर्षी छळायला लागतो. तेव्हा त्याच्या दारी कुणी येत नाही. निदान वयात येण्याच्या काळात आणखी एक-दोन भेटी आणि पालकांना हक्कानं बोलता येईल असा समुपदेशक, एवढं तरी यजमान देशांकडून मागून घ्यायला हवं.

आपल्या बाजूनं करण्यासारखं काम मूल निघण्याआधीच सुरू होतं, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. नव्या पालकांची भेट एका दुपारी उरकू नये. काही दिवस त्यांनी संस्थेतच येऊन मुलाला भरवावं, झोपवावं, आणि मावशींनी शेजारी बसावं. कुठे जायचं, किती लांब, परत येता येईल का, हे मुलाला त्याच्या भाषेत खरं सांगावं. मावशींना नीट निरोप घेऊ द्यावा. मूल रडेल म्हणून त्यांना त्या दिवशी रजेवर पाठवणं हा मुलावर अन्याय आहे. सोबत फोटोंचा अल्बम द्यावा, त्यात झोपायची जागा, जेवणाची पंगत, मित्र, दारातलं झाड असावं. मावशींच्या आवाजातली अंगाई ध्वनिमुद्रित करून द्यावी. आणि मुलाचं नाव बदलू नका, असं पालकांना स्पष्ट सांगावं.

नंतरचं काम नोंदींचं आहे. नियमांप्रमाणे अठरा पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपलं मूळ शोधण्यासाठी स्वतः कारा किंवा संस्थेकडे अर्ज करता येतो. जन्मदात्या आईची संमती नसेल तर तिची ओळख मात्र गुप्त राहते, आणि ते योग्यच आहे. पण पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेल्या एका तरुणाला स्वतःची नोंद पाहण्यासाठी आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं झगडावं लागलं होतं. संस्था बंद पडतात, विश्वस्त बदलतात, जुन्या फायलींना वाळवी लागते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक दत्तक संस्थेच्या गेल्या पन्नास वर्षांच्या नोंदी स्कॅन करून राज्य सरकारनं सुरक्षित ठेवाव्यात, आणि बंद पडलेल्या संस्थांच्या फायली कुणाकडे आहेत ते जाहीर करावं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथून गेलेली बाळं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि पुण्या-मुंबईत येऊन विचारू लागली आहेत.